दळायचं नाही

माझ्या गिरणीत एक डबा आहे, गोडेतेलाचा, पंधरा किलोचा,
त्यावर खडूनं लिहिलंय : दळायचं नाही.
नवा पोऱ्या विचारतो, मग ठेवलाय कशाला?
बरोबरच आहे त्याचं.
गिरणीत न दळायचा गहू म्हणजे
न्हाव्याच्या दुकानात राखलेली दाढी.

भांडुपला, टेंभीपाड्याच्या चढावर,
अठ्ठावीस वर्षं मी श्वासातून पीठ खातो.
डोळे मिटून सांगेन, पाळ्यांत काय पडलंय :
लोकवन तापला की कोऱ्या वहीचा वास,
सिहोर जरा दुधाळ,
रेशनच्याला गोणीचाच.

हिप्परकर मावशी आल्या उशीचा अभ्रा घेऊन.
आत लालसर काहीतरी, कुसासकट.
भात आहे का, विचारलं मी.
खपली, त्या म्हणाल्या. जतची.
अशी घालू नका दगडात. ही अंगरखा सोडत नाही,
कांडावी लागते. कांडून आणते,
तुम्ही फक्त भरड काढा, हुग्गीपुरती.

पुनर्वसनाच्या इमारतीत चौदावा मजला,
तिथं उखळ कुठलं?
खाली गोधडीच्या चार घड्या, वर लोखंडी खलबत्ता,
दुपारी दोन ते तीन.
तेराव्यावरचा धोत्रे, रात्रपाळीचा माणूस,
भांडायला वर गेला
आणि वाटीभर हुग्गी खाऊन खाली येऊन झोपला.

मावशी दळणापाशी बसून बोलायच्या, पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून :
शेवयाला बन्सी, तार तुटत नाही.
कुरडईला चीक धरणारा, तीन दिवस भिजवलेला.
लग्नात गव्हले, दोन बोटांच्या चिमटीत वळलेले,
विहीणबाई मोजून बघायच्या, हसू नका.
एका गव्हाला सगळं येत नाही हो.
माणसाला तरी कुठं येतं?

आता मॉलमध्ये मिळते ही, चकचकीत पाकिटात, साखरेच्या आजारावर.
एकानं आणली दळायला.
वास घेतला : अर्धी खपली,
अर्धा कुणीतरी दुसराच, तिच्या नावावर राहणारा.

कालव्याचं पाणी आलं तसा मावशींच्या भावानं ऊस लावला.
पैसा चांगला झाला, त्या म्हणाल्या, वाईट कशाला बोलू.
कणगीच्या तळाचं तेवढं मी घेऊन आले.
पण बी म्हणजे लोणचं नव्हे, मुरत ठेवायला.
दोन-तीन सालांत मातीत गेलं नाही
तर विसरतं.
काय विसरतं?
उगवायचं.

म्हणून कार्तिकात, गच्चीवर,
मासळीबाजारातले थर्माकोलचे खोके,
आत नर्सरीची लाल माती, वर जुनी मच्छरदाणी, कबुतरांसाठी.
पहाटे कामावरून आला की धोत्रे पाणी घालायचा,
गणवेशातच.
मुंबईला थंडी किती? चार दिवस, तीही उधारीची.
माघात मोजल्या : एकोणीस ओंब्या.
सात पोचट.
सेक्रेटरीची नोटीस आली, गच्ची गळते.
खोके खाली आले, गहू वाळायच्या आत
मच्छरदाणीत बांधून, लिफ्टमधून,
एखाद्या आजारी माणसाला न्यावं तसा.

निम्मं बी भाचीकडे गेलं, द्राक्षांच्या परतीच्या टेम्पोतून.
तिनं बांधाकडेला दोन ओळी टाकल्या.
फोटो पाठवला :
त्यात गहू कमी, तिचा अंगठाच जास्त.
मावशी तो फोटो बोटांनी मोठा करत बसतात,
अंगठाच मोठा होतो.

उरलेलं निम्मं माझ्याकडे. चुलीची राख इथं मिळेना,
स्मशानाजवळच्या भट्टीवाल्याकडून आणली,
मावशींना सांगितलं नाही.
कडुलिंबाचा पाला तेवढा माझ्या दारचा.

वीज गेली की मोटर थांबते, पट्टा लोंबतो,
मग मी झाकण काढून हात घालतो आत.
टोचतं अजून.

चहूबाजूंनी पीठ उडतं, खडू पुसट होतो,
दर महिन्याला पुन्हा लिहावं लागतं.
या खेपेला पोऱ्या म्हणाला, द्या, मी लिहितो.
अक्षर त्याचं वाईट.
पण खाली त्यानं, कुणी न सांगता,
साल घातलं.